कोनासमुद्रमची मूस

१८३२ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीचे नवे नियतकालिक सुरू झाले. जेम्स प्रिन्सेप त्याचे संपादक होते. त्याच्या पहिल्याच खंडात दक्षिण हिंदुस्थानातील देशी पोलादनिर्मितीवर अवघ्या दोन-तीन पानांचे एक टिपण छापले गेले. लेखक हेन्री वेस्ली व्हॉयसी याच्या नावाआधी ‘दिवंगत’ असा शब्द होता, कारण १८२४ मध्ये, नागपूरहून कलकत्त्याकडे जाताना वाटेतच, तो वारला होता. त्याच्या मागे राहिलेल्या कागदांतून काही टिपणे वेचून काढली गेली, त्यांतले हे एक. निजामाच्या मुलखातल्या कोनासमुद्रम नावाच्या खेड्यात पोलाद कसे होते, ते या माणसाने स्वतः पाहून लिहिले होते. ती दोन-तीन पाने छापली गेली नसती, तर हैदराबादच्या पोलादाबद्दल आज आपण जे ठामपणे बोलतो त्यातला बराच भाग बोलता आला नसता.

व्हॉयसी पेशाने शल्यवैद्य आणि अभ्यासाने भूवैज्ञानिक. विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर तो हैदराबाद संस्थानात फिरत होता. कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्ट मोजणी करत असताना व्हॉयसी बरोबर होता. हा तोच मोजणीचा काफिला, जो पुढे हैदराबादहून नागपूरच्या वाटेवर निघाला आणि ज्याचा प्रमुख लॅम्बटन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. म्हणजे व्हॉयसीची निरीक्षणे १८२०च्या आसपासची. तो खडक पाहायला निघालेला माणूस होता. पोलादाच्या भट्टीपाशी तो थांबला तो त्या खडकांतून निघालेल्या खनिजाचे पुढे काय होते ते पाहायला, आणि त्यामुळेच त्याच्या नोंदीत खनिजाचा तपशील इतका नेमका आहे.

कोनासमुद्रम आज तेलंगणाच्या निजामाबाद जिल्ह्यात आहे. आपल्या नांदेडहून गोदावरी बासरकडे वळते आणि पुढे एका काठाला निर्मळ, दुसऱ्या काठाला निजामाबाद असा मुलूख लागतो. लोखंडाचा हा सारा टापू मराठवाड्याच्या शेजघरासारखा आहे. मराठीत पोलादाला जुना शब्द ‘तिखे’. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ‘उक्कू’. युरोपच्या ग्रंथांत ‘वूट्झ’ म्हणून जो शब्द रूढ झाला, तो बहुतेक अभ्यासकांच्या मते या ‘उक्कू’चेच बिघडलेले रूप आहे.

व्हॉयसीने काय पाहिले ते त्याच्या नोंदीच्या क्रमाने मांडू. कोनासमुद्रमचे कारागीर एका जातीच्या लोखंडावर काम करत नसत. ते दोन लोखंडे मिसळत: एक मिर्तपल्लीचे, लोहवाळूपासून काढलेले, आणि दुसरे कोंडापूरचे, तांबड्या लोहमातीत सापडणाऱ्या खनिजाचे. प्रमाण तीनास दोन. हे मिश्रण मातीच्या मुशीत भरत, त्यावर ‘काच’ म्हणजे भट्टीतला काचरलेला मळ घालत आणि मूस बंद करत. मुशीची मातीही साधी नव्हती. तिच्यात जुन्या मुशींची पूड आणि भाताचा तूस मळलेला असे. भट्टी सुमारे २४ तास चाले, भाते अखंड हलते ठेवावे लागत. मुशीतून निघालेली पोलादाची वडी लगेच घणाखाली जात नसे. तिच्यावर मातीचा लेप देऊन १२ ते १६ तास ती पुन्हा तापवत, निववत आणि नरम पडेपर्यंत हे आवर्तन पुन्हा करत.

व्हॉयसीला तिथे एक परदेशी गिऱ्हाईकही भेटले. इस्फहानचा व्यापारी हाजी हुसेन पोलाद घ्यायला कोनासमुद्रमला येऊन राहिला होता. इराणी व्यापाऱ्यांनी व्हॉयसीला सांगितले की हे पोलाद आपल्या देशात करून पाहण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो फसला.

या एका वाक्यात पुढच्या दोनशे वर्षांचा प्रश्न दडलेला आहे. भट्टी, मूस, भाते, तापवण्याची पद्धत, सारे पाहूनही इराण्यांना ते का जमले नाही? व्हॉयसीकडे याचे उत्तर नव्हते. त्याच्या काळी ते कोणाकडेच नव्हते, कारण उत्तर डोळ्यांना दिसेल एवढ्या आकाराचे नव्हते.

एकट्या साक्षीदारावर इतिहास उभा करता येत नाही, म्हणून व्हॉयसीची साक्ष आधीच्या कागदांशी ताडून पाहिली पाहिजे. त्याच्याआधी सुमारे दीडशे वर्षे, १६६६-६७ मध्ये, फ्रेंच प्रवासी जाँ द तेवनो औरंगाबादहून नांदेडमार्गे गोवळकोंड्याला निघाला. वाटेत त्याला इंदलवाई लागले. तिथे तलवारी, खंजीर आणि भाले मोठ्या प्रमाणावर होतात, ते हिंदुस्थानभर विकले जातात आणि त्यांचे लोखंड गावाजवळच्याच डोंगरातून निघते, असे त्याने लिहून ठेवले. इंदलवाईही याच निजामाबाद जिल्ह्यात. म्हणजे व्हॉयसीने पाहिलेला धंदा त्याच्या काळी नवा नव्हता; तो किमान दीड शतक त्याच टापूत रुजलेला होता.

दुसरा साक्षीदार ताव्हर्निए. हिऱ्यांच्या व्यापारासाठी गोवळकोंड्याच्या वाऱ्या केलेल्या या फ्रेंच जवाहिऱ्याने इराणच्या प्रवासवर्णनात नोंदवले की पात्यावर लाटांसारखी नक्षी उमटते ते पोलाद गोवळकोंड्याहूनच येते. कारागीर ते भट्टीत चेरीच्या फळाइतके लाल होईपर्यंतच तापवतो. युरोपातल्या पोलादासारखे जास्त तापवले तर ते काचेसारखे फुटते, हेही त्याने लिहिले. हा तपशील ध्यानात ठेवायचा, पुढे त्याची गरज लागणार आहे. पात्यावरच्या या नक्षीला फारसीत ‘जौहर’ म्हणत. आम्लाचा हात फिरवला की गडद पार्श्वभूमीवर फिकट नागमोडी रेषा उमटतात.

तिसरा कागद मुंबईचा आहे आणि तो जपून वाचावा लागतो. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना या पोलादाचे नमुने पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी ते तपासले आणि जून १७९५ मध्ये सोसायटीपुढे निबंध वाचला. वड्या सुमारे पाच इंच व्यासाच्या, इंचभर जाडीच्या, दोन पौंडांहून थोड्या जड होत्या. निबंधाच्या शीर्षकात मात्र हे पोलाद ‘मुंबईत तयार होणारे’ असे म्हटले आहे. स्कॉटने नमुने मुंबईहून पाठवले होते. मुंबई हे पाठवण्याचे ठिकाण होते, भट्टीचे नव्हे. शीर्षकातल्या त्या शब्दांवरून कोणी मुंबईला पोलादाचे केंद्र ठरवले तर चूक होईल. तसेच या वड्या हैदराबाद संस्थानातल्याच होत्या असे म्हणायलाही त्या निबंधात आधार नाही. कागद जेवढे सांगतो तेवढेच घ्यायचे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत.

पिअर्सनच्या निबंधानंतर युरोपात या पोलादाचा ध्यासच लागला. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. त्याने १८१९ मध्ये वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले आणि पुढे जेम्स स्टोडार्टबरोबर मिश्र पोलादांचे प्रयोग केले. त्याला नमुन्यात ॲल्युमिनियम आणि सिलिका यांचे अंश सापडले आणि पोलादाचा गुण त्यांच्यामुळे आहे असे त्याला वाटले. तो अंदाज चुकला. पॅरिसच्या टांकसाळीतला ब्रेआँ अधिक जवळ पोचला: नक्षीचे मूळ कार्बनमध्ये आहे, वडी गोठताना पोलादाची दोन वेगवेगळी संयुगे वेगळी होतात आणि तीच पात्यावर दिसतात, असे त्याने मांडले.

फॅरेडेच्या बुद्धीत उणे काहीच नव्हते. त्याची रीत त्या प्रश्नाला अपुरी होती. रासायनिक पृथक्करणासाठी पोलाद विरघळवावे लागते. विरघळले की त्यात काय किती आहे ते कळते, पण ते कुठे आणि कोणत्या रचनेत होते हे कायमचे पुसले जाते. कोळसा, ग्रॅफाइट आणि हिरा हे तिन्ही कार्बनच, फरक रचनेचा. पोलादातही गुण ठरतो तो कार्बन किती आहे याबरोबरच तो कसा बसला आहे यावर. रचना पाहायची तर पदार्थ अखंड ठेवून त्याच्याकडे पाहावे लागते, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो.

उरल पर्वतातल्या झ्लातोउस्तच्या कारखान्यात पावेल अनोसोव्ह पौर्वात्य पोलादाची नक्कल करायला झटत होता. १८३१ मध्ये त्याने घासून आम्लाने उमटवलेला पोलादाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. धातूची रचना अशी पाहण्याचा हा सर्वांत आधीच्या प्रयत्नांपैकी एक. व्हॉयसीचे टिपण छापले गेले ते याच्या पुढच्याच वर्षी. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३च्या सुमारास शेफील्डमध्ये हीच रीत शास्त्रशुद्ध केली: पृष्ठभाग आरशासारखा घासायचा, सौम्य आम्लाने कोरायचा, आणि वरून प्रकाश टाकून पाहायचा. धातूशास्त्राचा सूक्ष्मदर्शक तिथून स्थिरावला.

या भिंगाखाली जे दिसले ते असे. या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का असतो, साध्या लोखंडी कामाच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. एवढा कार्बन लोखंडात पूर्ण विरघळून राहू शकत नाही. उरलेला लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट नावाचे कठीण आणि ठिसूळ संयुग बनते. सिमेंटाइटचे बारीक दाणे रांगा करून बसतात, मधल्या पट्ट्या मऊ राहतात. रांगांमधले अंतर मिलिमीटरच्या साधारण वीसाव्या भागाइतके. घणाच्या ठोक्यांनी या रांगा वळतात, पसरतात, आणि आम्ल लावल्यावर जौहर म्हणून दिसतात. ताव्हर्निएने नोंदवलेली चेरीची लाली आता समजते. तापमान त्या मर्यादेत राहिले तर दाणे टिकतात. फार वाढवले तर ते विरघळतात, रांगा मोडतात आणि पाते तडकते. लोहाराच्या डोळ्याने रंगावरून ठरवलेली ती मर्यादा कार्बनच्या रचनेची मर्यादा होती.

पुढचा दुवा स्वित्झर्लंडचा. हेन्री मोझर या संग्राहकाने पौर्वात्य शस्त्रांचा मोठा संग्रह बर्नच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाला दिला. त्यातल्या काही तलवारी तोडून तपासण्याची परवानगी अभियंता त्शोक्के याला मिळाली, आणि त्याचे निष्कर्ष १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. संग्रहालयातली तलवार तोडायची म्हणजे इतिहासाचा एक पुरावा दुसऱ्या पुराव्यासाठी खर्च करायचा. तो खर्च वाया गेला नाही, कारण उरलेले तुकडे जपून ठेवले गेले आणि पुढच्या पिढ्यांनी ते पुन्हा तपासले.

अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातले जॉन व्हरहोवन आणि फ्लोरिडाचे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी अशा तुकड्यांवर काम केले. शास्त्रज्ञ आणि लोहार एका भट्टीपाशी उभे राहिले हे त्यांच्या यशाचे मोठे कारण. १९९८ मध्ये त्यांनी मांडले की सिमेंटाइटच्या रांगा बसवायला अत्यल्प अशुद्धी लागते, विशेषतः व्हॅनेडियमची, लाखात मोजके भाग एवढीच. वडी गोठताना ही अशुद्धी ठरावीक ठिकाणी साचते आणि पुढे पुन्हापुन्हा तापवून ठोकताना दाणे तिथेच वाढतात. ही अशुद्धी मिसळणारा कोणी नव्हता. ती खनिजातूनच येत होती.

आता व्हॉयसीच्या टिपणाकडे परत जाऊ. दोन गावांची दोन लोखंडे आणि त्यांचे ठरलेले प्रमाण: त्या काळच्या वाचकाला हा गावगाड्यातला रिवाज वाटला असेल. सूक्ष्मदर्शकानंतर हेच वाक्य टिपणाच्या केंद्रस्थानी येते. भट्टी नकलता येते, मूस नकलता येते, पण मिर्तपल्लीची वाळू आणि कोंडापूरची माती इस्फहानला मिळत नाही. इराण्यांच्या अपयशाचे हे एक सबळ कारण असू शकते. दुसरे असे की कोनासमुद्रमच्या मुशीत पाने वा लाकूड घातल्याची नोंद व्हॉयसी करत नाही. म्हैसूर आणि तमिळ मुलखातल्या वर्णनांत मात्र मुशीत वनस्पती घातल्याचे स्पष्ट उल्लेख येतात. बेनेट ब्रॉन्सन यांनी १९८६ मध्ये हे सारे वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले आणि हैदराबादची रीत वेगळी असल्याचे दाखवले: तिथे जास्त कार्बनचे आणि कमी कार्बनचे लोखंड एकत्र वितळवून हवा तो मध्य साधला जाई. कार्बनचे माप तराजूत ठरत होते. तीनास दोन.

या शोधाचा सर्वांत गाजलेला टप्पा २००६चा. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातले पेटर पावफ्लर, मारियान रायबोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी बर्नच्या संग्रहातल्या, सतराव्या शतकातल्या असदुल्ला या कारागिराच्या नावाच्या तलवारीचा तुकडा घेतला. लोखंडाचा भाग हायड्रोक्लोरिक आम्लाने विरघळवला आणि उरलेले अवशेष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. साध्या भिंगात प्रकाश जे दाखवू शकत नाही ते इथे इलेक्ट्रॉनांचा झोत दाखवतो. त्यांना कार्बनच्या नळ्या दिसल्या, एकात एक गुंडाळलेल्या थरांच्या. थरांमधले अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमध्ये असते तेवढेच. काही नळ्यांच्या आत सिमेंटाइटच्या तारा होत्या. बाहेरच्या कार्बनच्या आवरणामुळे त्या आम्लातून वाचल्या असाव्यात. अशा कार्बन नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले गेले होते ते १९९१ मध्ये, जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या निबंधाने.

‘नेचर’मधल्या त्या छोट्या निबंधाने जगभर मथळे झाले आणि आपल्याकडे त्याचा ‘प्राचीन भारतीय नॅनोतंत्रज्ञान’ झाला. इथे हात आखडता घेतला पाहिजे. निबंध एका तलवारीच्या एका तुकड्याचा आहे. व्हरहोवन यांनी तेव्हाच शंका नोंदवली की सिमेंटाइट स्वतःच काडीच्या आकाराचे असू शकते, त्यामुळे दिसले ते कार्बनच्या नळ्याच आहेत असे धरून चालता येणार नाही. शिवाय ती तलवार आणि कोनासमुद्रमची वडी यांना जोडणारी पावती उपलब्ध नाही. असदुल्ला हे नाव परंपरेने इस्फहानशी जोडले जाते, हाजी हुसेन इस्फहानचा, ताव्हर्निएच्या मते जौहरदार पोलाद गोवळकोंड्याचे. हे धागे एका दिशेने जातात, पण त्यांची गाठ बसलेली नाही. अभिमानासाठी ती गाठ आपण मारून टाकली तर आपल्याच कारागिरांच्या खऱ्या कामगिरीवर अविश्वासाची सावली पडते.

आणि खरी कामगिरी दाखवणारा भक्कम पुरावा आहे. तो गाजला नाही एवढेच. थेल्मा लोव यांनी कोनासमुद्रमच्या मुशींचा अभ्यास केला, तोही सोन्याच्या मुठीच्या तलवारींचा नव्हे, तर गावाबाहेर फेकलेल्या फुटक्या खापरांचा. १९९० मध्ये लोव, एन. मेर्क आणि गॅरेथ थॉमस यांनी या खापरांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे विश्लेषण प्रसिद्ध केले. व्हॉयसीने नोंदवलेला भाताचा तूस त्यांना खापरात सापडला, पण बदललेल्या रूपात. भट्टीच्या आत हवा नसल्याने तूस जळून राख झाला नव्हता; त्याचा कोळसा झाला होता. तुसातल्या सिलिकेने त्याचा सांगाडा टिकवला होता, आणि भोवतालच्या मातीत मुलाइटचे सुईसारखे स्फटिक गुंफले गेले होते. त्या विणीमुळे मूस १,४०० अंशांच्या आसपासच्या आचेत, आत वितळलेले पोलाद आणि बाहेर धगधगता कोळसा असताना, तास न् तास उभी राहत होती. संशोधकांनी तिला तंतूंनी बळकट केलेल्या सिरॅमिकचा ऐतिहासिक नमुना म्हटले.

इथे तलवारीसारखी शंका उरत नाही. खापर कोनासमुद्रमचे, व्हॉयसीची नोंद कोनासमुद्रमची, आणि नोंदीतला तूस खापरात प्रत्यक्ष दिसतो. कागद आणि भिंग एकमेकांची साक्ष देतात. १८२०च्या सुमारास एका वैद्याने लिहिलेला शब्द पावणेदोनशे वर्षांनी इलेक्ट्रॉनांच्या झोताने खरा ठरवला. तूस फुकटचा, प्रत्येक खळ्यावर पडलेला. तो मातीत किती घालायचा आणि का घालायचा हे ज्याला कळले होते त्याने एक शब्दही लिहिलेला नाही. त्याचे लेखन ते खापरच आहे.

पुढे हा धंदा मावळला. १८५६ मध्ये बेसेमरच्या पद्धतीची घोषणा झाली, कारखान्यांचे स्वस्त पोलाद बाजारात आले, तलवारींची मागणी ओसरली आणि इराणी व्यापाऱ्यांचे येणे थांबले. मुशी थंड झाल्या. मागे उरले ते कीटाचे आणि खापरांचे ढीग. २०१० मध्ये गिलियन ज्युलेफ, शारदा श्रीनिवासन आणि एस. रंगनाथन यांच्या पाहणीपथकाने उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून अशा जागा नोंदवल्या. तेलंगणाचे अभ्यासक एस. जयकिशन यांनी आधी केलेल्या भटकंतीचा या पाहणीला मोठा आधार होता. व्हॉयसीने दिलेली गावांची नावे नकाशावर शोधता आली ती अशा पायी केलेल्या कामामुळे.

हैदराबादला मुसीच्या काठी सालारजंग संग्रहालयात शस्त्रांचे दालन आहे. तिथली जौहरदार पाती पाहायला लोक गर्दी करतात, आणि करावीच. पण ज्या ढिगाऱ्यांनी आपल्याला सर्वांत खात्रीचे उत्तर दिले, ते काचेच्या कपाटात नाहीत. ते शेतांच्या बांधांवर, गावाच्या कडेला, विटांसाठी आणि रस्त्याच्या भरावासाठी उचलले जाण्याच्या जागी पडून आहेत. व्हॉयसीचे टिपण वाचले कारण कोणीतरी मेलेल्या माणसाचे कागद चाळले आणि छापले. बर्नच्या तलवारींचे तुकडे पुन्हा बोलले कारण त्शोक्केनंतर कोणी ते फेकून दिले नाहीत. कोनासमुद्रमच्या खापरांनाही एवढीच काळजी हवी आहे. आजच्या सूक्ष्मदर्शकाने त्यांतली तुसाची वीण वाचली. उद्याचे साधन त्यांतून मिर्तपल्लीची वाळू आणि कोंडापूरची माती वेगळी ओळखू शकेल, आणि मग इस्फहानच्या व्यापाऱ्यांच्या प्रश्नाला पुरते उत्तर देता येईल. तोवर ती खापरे जागेवर असली पाहिजेत.